अपडेटनंतर व्हिडिओ एडिटर मंदावला? जुन्या संगणकासाठी तपासणीचा आणि दुरुस्तीचा क्रम

अपडेटच्या आदल्या दिवशी सुरळीत चालणारी टाइमलाइन दुसऱ्या दिवशी अडखळायला लागते. आवाज पुढे जातो, चित्र मागे राहतं. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती उभी रेघ) ओढला की दोन-तीन सेकंद काहीच हलत नाही. आठ मिनिटांत होणारा एक्स्पोर्ट अर्धा तास घेतो. मग 'संगणक आता जुना झाला' असं म्हणून लोक नवा घ्यायच्या विचाराला लागतात. पण संगणक एका रात्रीत जुना होत नाही. काल जे काम ग्राफिक्स कार्ड उचलत होतं, ते अपडेटनंतर प्रोसेसरच्या माथी आलेलं असतं. किंवा सॉफ्टवेअर तुमच्या नकळत मागच्या बाजूला काहीतरी नवं काम करत बसलेलं असतं. बहुतेक वेळा कारण या दोनपैकीच एक निघतं, आणि दोन्ही घरबसल्या शोधता येतात.

एक शिस्त मात्र शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच बदल करा आणि लगेच तीच क्लिप, तोच तुकडा पुन्हा चालवून बघा. ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) बदलला, कॅशे (एडिटरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) पुसली, सेटिंग मूळपदावर आणली, हे सगळं एकाच बैठकीत केलं तर कशाने गुण आला ते कळत नाही. पुढच्या अपडेटला पुन्हा तीच धावपळ करावी लागते.

आधी प्रोजेक्ट सुरक्षित ठेवा

नव्या आवृत्तीत जुना प्रोजेक्ट उघडला की बहुतेक एडिटर तो नव्या स्वरूपात बदलायला सांगतात, आणि एकदा बदललेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रोजेक्ट फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणं. प्रीमिअर प्रो रूपांतर करताना नवं नाव विचारतं. तिथे जुन्याच नावावर सेव्ह करू नका, नावात आवृत्तीचा आकडा घाला. दाविंची रिझॉल्व्हचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण तिथे एकेक फाइल नसून सगळे प्रोजेक्ट एका डेटाबेसमध्ये असतात. नवी आवृत्ती तो अख्खा डेटाबेस अपग्रेड करायला मागते, आणि त्यानंतर जुन्या आवृत्तीला तो वाचता येत नाही. 'अपग्रेड'चं बटण दाबण्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरमधून डेटाबेसचा बॅकअप घ्या. घाईत ही पायरी गाळली तर परतीचा रस्ता बंद होतो, म्हणून ती सगळ्यात वर ठेवली आहे.

आता एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: एडिटरची आधीची आणि आताची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हरचा क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, आणि ज्या क्लिपवर अडखळतं तिचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), आकार आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं). शेवटच्या माहितीसाठी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. क्लिप त्यात टाकली की सगळं समोर येतं.

पहिला तास थोडा धीर धरा

अपडेटनंतर पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडल्यावर जुनी कॅशे पुष्कळदा निकामी ठरते. मग सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपच्या आवाजाचा आलेख नव्याने काढतं, थंबनेल बनवतं, फाइलींची अनुक्रमणिका तयार करतं. दोनशे क्लिपांचा प्रोजेक्ट साध्या हार्ड डिस्कवर असेल तर याला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळंच जड वाटतं. प्रीमिअरमध्ये खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात प्रगतीची पट्टी दिसते. ती पूर्ण होईपर्यंत संगणक चार्जरवर लावून तसाच सोडा. मधेच सॉफ्टवेअर बंद केलं तर राहिलेलं काम पुढच्या वेळी पुन्हा पुढे उभं राहतं.

त्याच रात्री ऑपरेटिंग सिस्टिमचंही अपडेट झालं असेल तर विंडोज स्वतःची शोधसूची बांधत असतं, मॅकवर स्पॉटलाइट तेच करत असतं. दोष एडिटरचा धरण्याआधी संगणक एकदा रीस्टार्ट करा, तासभर मोकळा ठेवा आणि मग तपासा. तरीही अडखळत असेल तर पुढे.

नेमकं काय दमलंय ते बघा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये जा. एडिटर आणि टास्क मॅनेजर शेजारी शेजारी मांडा, त्रास देणारा तुकडा वीस-तीस सेकंद चालवा आणि आलेख बघा. जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपच्या, पानावर चार छोटे आलेख दिसतात. त्यातले 'थ्रीडी' आणि 'व्हिडिओ डीकोड' आपल्या कामाचे. 'व्हिडिओ डीकोड' दिसत नसेल तर कुठल्याही आलेखाच्या नावावर क्लिक करून यादीतून निवडता येतो. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो. जीपीयूचा आलेख 'विंडो' मेनूत मिळतो.

सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) शंभर टक्क्यांना टेकलाय आणि 'व्हिडिओ डीकोड' शून्यावर आहे, असं दिसलं तर फाइल उलगडण्याचं काम ग्राफिक्सच्या चिपकडून सुटून प्रोसेसरवर आलंय. अपडेटनंतरच्या तक्रारींत हेच चित्र सर्वाधिक वेळा दिसतं. 'थ्रीडी'चा आलेख सपाट असेल आणि टाइमलाइनवर रंगसंस्कार किंवा इफेक्ट असतील, तर तेही प्रोसेसरवर चाललेत. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि बाकी सगळं निवांत असेल तर अडचण साठवणुकीची आहे. मेमरी नव्वदच्या वर गेली असेल तर सिस्टिम रॅममधला मजकूर डिस्कवर ढकलते आहे, आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच हळू असते.

कुठलाच आलेख भरलेला नाही, तरी अडखळतंय? मग सीपीयूच्या पानावर 'स्पीड' आणि 'बेस स्पीड' हे दोन आकडे बघा. समजा बेस स्पीड २.६ गिगाहर्ट्झ आहे आणि भार पडल्यावर चालू वेग १.२ वर येतो. म्हणजे प्रोसेसर तापल्यामुळे किंवा वीज कमी मिळत असल्यामुळे स्वतःला आवरतोय. लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल, कमी वॉटचा चार्जर लावला असेल, किंवा पंख्यात धूळ बसली असेल तर असं होतं. नवी आवृत्ती प्रोसेसरवर जास्त भार टाकते आणि लपून राहिलेली धूळ उघडी पडते. पंखा आणि जाळी साफ करणं, चार-पाच वर्षं जुनी थर्मल पेस्ट बदलून घेणं आणि पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवणं, एवढ्यानेही काही यंत्रं पूर्ववत होतात.

ग्राफिक्स कार्ड पुन्हा कामाला लावा

एडिटरचं सेटिंग आधी तपासा. प्रीमिअरमध्ये 'फाइल', 'प्रोजेक्ट सेटिंग्ज', 'जनरल' या वाटेने गेल्यावर 'रेंडरर'ची ओळ मिळते. तिथे 'मर्क्युरी प्लेबॅक इंजिन'पुढे 'सॉफ्टवेअर ओन्ली' असेल तर जीपीयू बाजूला पडलाय. यादीतून जीपीयूचा पर्याय, म्हणजे कुडा, ओपनसीएल किंवा मॅकवर मेटल, निवडा. त्याशिवाय 'प्रेफरन्सेस'मधल्या 'मीडिया'त हार्डवेअरवर डीकोड करण्याची खूण आहे का ते बघा. ती लावल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं. रिझॉल्व्हमध्ये 'प्रेफरन्सेस', 'सिस्टिम', 'मेमरी अँड जीपीयू' इथे योग्य कार्ड निवडलंय ना याची खात्री करा. दोन जीपीयू असलेल्या लॅपटॉपवर इथे भलतंच कार्ड निवडलेलं सापडतं.

अशा लॅपटॉपवर आणखी एक बारीक फट आहे. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' इथे एखाद्या प्रोग्रामला 'हाय परफॉर्मन्स' कार्ड द्यायची सोय आहे. पण विंडोज ही पसंती प्रोग्रामच्या नावाशी जोडत नाही, त्याच्या फाइलच्या पत्त्याशी जोडतं. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसली, आणि वर्षाच्या आकड्यासह फोल्डर बनवणारी सॉफ्टवेअर तेच करतात, की जुनी पसंती जुन्याच पत्त्यावर राहते. नवा प्रोग्राम मग प्रोसेसरमधल्या कमी ताकदीच्या ग्राफिक्सवर जाऊ शकतो. त्या यादीत नवी फाइल शोधून जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' द्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आता ड्रायव्हर. नव्या आवृत्तीला किमान ठरावीक ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर सॉफ्टवेअर काही वेळा न सांगताच प्रोसेसरवर उतरतं. विंडोज अपडेटमधून येणारा ड्रायव्हर टाळा, कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून थेट घ्या. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर 'गेम रेडी'ऐवजी 'स्टुडिओ' ड्रायव्हर निवडा. बसवताना 'कस्टम' आणि मग 'क्लीन इन्स्टॉल' घ्या, म्हणजे जुन्या सेटिंगचे अवशेष राहत नाहीत.

जुन्या कार्डांची खरी मर्यादा इथेच कळते. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीसाठी, म्हणजे जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांसाठी, ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. एएमडीने २०२१ मध्ये एचडी ७००० पासून आर९ ३०० आणि फ्युरीपर्यंतच्या कार्डांचा नियमित पाठिंबा थांबवला. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका, यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा. तुमचं कार्ड या यादीत असेल आणि एडिटरची नवी आवृत्ती त्याहून पुढचा ड्रायव्हर मागत असेल, तर सेटिंगशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. सरळ एडिटरच्या जुन्या आवृत्तीवर परत जा. त्याची पद्धत पुढे आहे.

डेस्कटॉपवाल्यांसाठी एक पुरवणी. इंटेल प्रोसेसरच्या आत क्विक सिंक नावाची व्हिडिओ उलगडणारी सोय असते. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की काही मदरबोर्डवर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं आणि त्याबरोबर क्विक सिंकही जातं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते पुन्हा चालू करता येतं. मॉडेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरांत मात्र वापरण्याजोगं ग्राफिक्स नसतंच, तिथे शोधाशोध करू नका.

तुमचं फूटेज जुन्या यंत्राला झेपतं का

कधी अपडेट हे निमित्त असतं आणि खरा बदल फूटेजमध्ये झालेला असतो: नवा फोन, नवा कॅमेरा, किंवा फोनचं बदललेलं सेटिंग. म्हणून कोडेक समजून घ्या. सगळ्या मार्गदर्शनातला सर्वांत उपयोगी भाग हाच.

एच.२६४ आणि एचईव्हीसी हे कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण, आणि पुढच्या अनेक फ्रेममध्ये फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढंच. त्यामुळे फाइल लहान होते. पण प्लेहेड मधल्याच एखाद्या फ्रेमवर ठेवला की सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून सगळं उलगडत यावं लागतं. उलट दिशेने ओढताना हाच खेळ पुन्हा पुन्हा होतो. सरळ चालवताना ठीक आणि ओढताना अडखळतं, याचं कारण हेच.

हे उलगडण्यासाठी चिपमध्ये खास जागा असते, पण ती ठरावीक प्रकारच ओळखते. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, ८ बिटांचा एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडतो. १० बिटांचा सातव्या पिढीपासून. अनेक मिररलेस कॅमेरे ४:२:२ रंगात (म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून) १० बिटांचा एचईव्हीसी देतात. तो एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या एकाही कार्डावर हार्डवेअरने उलगडत नाही, आणि ती मालिका आली २०२५ मध्ये. एव्ही१ या नव्या कोडेकसाठी इंटेल असेल तर अकरावी पिढी, एनव्हिडिया असेल तर ३० मालिका लागते. तुमचा प्रोसेसर चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल, एचईव्हीसी उलगडणारं वेगळं कार्ड नसेल आणि फोन १० बिटांचं एचडीआर टिपत असेल, तर कुठलीही आवृत्ती घेतली तरी ते फूटेज थेट टाइमलाइनवर सुरळीत चालणार नाही.

आकाराचाही हिशेब करून बघा. १९२० गुणिले १०८० चा एक फ्रेम उलगडल्यावर, प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले तर, सुमारे ८.३ एमबी होतो. ४केचा फ्रेम चौपट, ३३ एमबी. सेकंदाला ३० फ्रेम धरले तर एका ४के क्लिपसाठी दर सेकंदाला जवळपास १ जीबी इकडून तिकडे हलवावं लागतं. रंगसंस्कारासाठी सॉफ्टवेअरने ३२ बिटांत गणित केलं तर हाच फ्रेम १३३ एमबीचा होतो. काही अपडेट रंगव्यवस्थापन जास्त अचूक करतात, आणि २ जीबी मेमरीच्या कार्डावर ती अचूकता जड जाते. शंका असेल तर टाइमलाइनचं रंगव्यवस्थापन आधी होतं तसं साध्या रेक.७०९ वर (नेहमीच्या एचडी व्हिडिओच्या रंगमानकावर) ठेवून बघा.

फोनच्या आणि स्क्रीन रेकॉर्डिंगच्या फाइलींचा आणखी एक त्रास म्हणजे बदलता फ्रेम रेट. मीडियाइन्फोमध्ये 'व्हेरिएबल' दिसलं तर आवाज-चित्राचा मेळ हळूहळू सुटत जातो. अशी फाइल हँडब्रेक या मोफत रूपांतर सॉफ्टवेअरमध्ये घ्या, 'व्हिडिओ' टॅबमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, क्लिपच्या सरासरीच्या जवळचा ३० किंवा ६० हा आकडा द्या आणि नवी फाइल बनवा. क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास ठेवला तर नजरेला फरक जाणवत नाही. हे काम एडिटिंग सुरू करण्याआधीच करा. कापून झाल्यावर फाइल बदलली तर कापलेल्या जागा सरकतात.

प्रॉक्सी: जुन्या संगणकाचा खरा आधार

वरचे सगळे उपाय थकले तरी हा एक चालतो. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची लहान आणि सहज उलगडणारी प्रत. एडिटिंग तिच्यावर करायचं, एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल घेतं. टाइमलाइन १०८० वर आणली म्हणजे झालं असं अनेकांना वाटतं. त्याने ग्राफिक्सवरचा भार कमी होतो, पण ४केची मूळ फाइल उलगडण्याचं काम तितकंच राहतं. प्रॉक्सी नेमकी तिथेच कामाला येते.

कोडेक निवडताना चूक करू नका. एच.२६४ ची प्रॉक्सी लहान असते, पण तिच्यातही तीच मागे जाऊन उलगडण्याची भानगड असते. जुन्या यंत्रासाठी प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी घ्या. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असतो. जागा जास्त लागते: १०८० आकारात ३० फ्रेमची प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला ४५ मेगाबिट घेते, म्हणजे तासाला साधारण २० जीबी. आकार १२८० गुणिले ७२० ठेवला तर याच्या निम्म्याहून कमी जागेत भागतं, आणि कापाकापीसाठी तेवढा आकार पुष्कळ झाला.

प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट पॅनेलमधल्या क्लिप निवडा, राइट क्लिक, 'प्रॉक्सी', 'क्रिएट प्रॉक्सीज'. स्वरूप क्विकटाइम आणि प्रीसेट प्रोरेसचा घ्या. काम मीडिया एन्कोडरमध्ये सुरू होतं. ते चालू असताना एडिटिंग करू नका. मग प्रोग्राम मॉनिटरखालच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून 'टॉगल प्रॉक्सीज'चं बटण खाली ओढून आणा. ते निळं असेल तेव्हाच प्रॉक्सी चालू असते. प्रॉक्सी जोडली जात नसेल तर आवाजाच्या चॅनेलची संख्या बघा: मूळ क्लिपमध्ये चार आणि प्रॉक्सीत दोन असतील तर प्रीमिअर ती नाकारतं.

रिझॉल्व्हमध्ये आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा आकार आणि स्वरूप ठरवा, मग मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' द्या. 'प्लेबॅक' मेनूत प्रॉक्सीला प्राधान्य दिलंय ना ते बघा. शॉटकट या मोफत एडिटरमध्ये 'सेटिंग्ज', 'प्रॉक्सी', 'यूज प्रॉक्सी' एवढंच करावं लागतं आणि त्याच मेनूत प्रीव्ह्यूचा आकार ३६० किंवा ५४० वर आणता येतो. केडेनलाइव्ह या दुसऱ्या मोफत एडिटरमध्ये प्रोजेक्ट सेटिंगच्या प्रॉक्सी टॅबमध्ये ठरावीक रुंदीपेक्षा मोठ्या क्लिपसाठी प्रॉक्सी आपोआप बनवायची सोय आहे.

एक्स्पोर्टच्या पानावर 'यूज प्रॉक्सीज' किंवा 'यूज प्रॉक्सी मीडिया' अशी खूण असते. ती काढलेली असू द्या, नाहीतर अंतिम व्हिडिओ लहान प्रतीवरून बनेल आणि धूसर दिसेल.

प्रॉक्सीला वेळ नसेल तर निदान प्लेबॅकचा दर्जा निम्म्यावर किंवा पावपट आणा, आणि प्रीमिअरच्या प्रोग्राम मॉनिटरमधल्या पान्याच्या चिन्हाखाली 'हाय क्वालिटी प्लेबॅक'ची खूण असेल तर ती काढा.

कॅशे आणि डिस्क

जुन्या आवृत्तीची कॅशे नव्या आवृत्तीला उपयोगी पडत नाही, पण जागा अडवून बसते. प्रीमिअरमध्ये 'प्रेफरन्सेस', 'मीडिया कॅशे' इथे 'डिलीट' दाबा. सगळ्या फाइली पुसायच्या असतील तर प्रोजेक्ट न उघडता दाबा. रिझॉल्व्हमध्ये 'प्लेबॅक' मेनूतून रेंडर कॅशे पुसता येते. यात मूळ व्हिडिओला धक्का लागत नाही. पुढच्या वेळी कॅशे पुन्हा बनते, म्हणून पहिली काही मिनिटं उलट जास्त जड जातात.

कॅशे कुठे ठेवावी? शक्य असेल तर एसएसडीवर. साध्या हार्ड डिस्कवर मूळ फूटेज, कॅशे आणि एक्स्पोर्ट एकाच वेळी असले की तिचं वाचणारं टोक तिन्हीकडे धावत राहतं आणि सेकंदाला १०० एमबी देणारी डिस्क त्याच्या अंशावर येते. फूटेज बाहेरच्या डिस्कवर असेल तर केबल आणि खाच यूएसबी ३ ची आहे ना ते बघा. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबीच मिळतात. सिस्टिमच्या ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा, कारण भरत आलेली एसएसडी लिहिताना मंदावते. अँटिव्हायरसला कॅशेचं आणि प्रॉक्सीचं फोल्डर वगळायला सांगता येतं. तेवढीच सूट द्या. डाउनलोड केलेल्या फाइलींचं फोल्डर कधीही वगळू नका.

नवी कामं आणि जुने प्लगइन

अलीकडच्या आवृत्त्या बोलण्याचं लिखाण करणं, चित्रातल्या गोष्टी ओळखून शोधता येण्याजोग्या करणं, क्लाउडशी जुळवून घेणं अशी कामं मागच्या बाजूला करतात. चांगल्या यंत्रावर ती उपयोगी आहेत. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीच गळा आवळतात. 'प्रेफरन्सेस'मध्ये 'ट्रान्सक्रिप्शन', 'ॲनालिसिस', 'ऑटो' असे शब्द असलेल्या जागा शोधा आणि आपोआप चालणारं सगळं बंद करा. गरज पडेल तेव्हा हाताने चालू करता येतं.

त्यानंतर बाहेरचे प्लगइन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेले इफेक्ट वगैरे. त्यांचं फोल्डर तात्पुरतं दुसरीकडे हलवून एडिटर उघडा. वेग परत आला तर एकेक प्लगइन परत ठेवत दोषी कोण ते शोधा. शेवटी सेटिंग मूळपदावर आणून बघा: प्रीमिअर सुरू होताना ऑल्ट किंवा मॅकवर ऑप्शन दाबून ठेवा, केडेनलाइव्हमध्ये 'हेल्प' मेनूतून 'रीसेट कॉन्फिगरेशन' करा. त्याआधी कीबोर्ड शॉर्टकट आणि वर्कस्पेस जतन करून घ्या.

जुन्या आवृत्तीवर परत जाणं

यात कमीपणा नाही. काम वेळेवर पूर्ण होणं महत्त्वाचं. प्रीमिअर ज्यातून बसवता त्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या ॲपमध्ये प्रोग्रामशेजारच्या तीन टिंबांत 'अदर व्हर्जन्स' असतं. तिथे मागच्या मोजक्या आवृत्त्या मिळतात. रिझॉल्व्हच्या निर्मात्यांच्या सपोर्ट पानावर जुन्या आवृत्त्या असतात. ती बसवल्यावर अपडेटआधी घेतलेला डेटाबेसचा बॅकअप परत आणा. केडेनलाइव्हची ॲपइमेज लिनक्सवर न बसवताच चालते, शॉटकटची पोर्टेबल प्रतही तशीच, त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तुलना करता येते. केडेनलाइव्हच्या २०.०८ आणि २३.०४ या आवृत्त्यांत प्रोजेक्ट फाइलचं स्वरूप बदललं, तेव्हा त्यांच्या अलीकडे-पलीकडे ये-जा करताना काळजी घ्या.

नव्या आवृत्तीत बरंच काम होऊन बसलं असेल आणि मागे जायचं असेल तर टाइमलाइन एक्सएमएल (टाइमलाइनची रचना मजकुरात लिहिलेली फाइल) म्हणून एक्स्पोर्ट करून जुन्या आवृत्तीत आणा. कापलेल्या जागा, क्रम आणि साधे बदल येतात. बरेच इफेक्ट, शीर्षकं आणि रंगसंस्कार पुन्हा करावे लागतात. ते करण्याआधी अंतिम रूपाचा एक व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे ताडून बघता येईल.

भाग बदलायचाच असेल तर

मेमरीचा आलेख नव्वदच्या वर जात होता तर रॅम वाढवा. ८ वरून १६ जीबी केल्याचा फरक लगेच जाणवतो, आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या घ्या, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच वाचतं. डिस्क भरत होती तर एसएसडी. डीकोड प्रोसेसरवर होतं आणि कार्डाला तो कोडेक कळतच नाही असं दिसलं, तर रॅम घालून काहीही होणार नाही. प्रॉक्सी वापरा किंवा कार्ड बदला. २०१३ आधीच्या इंटेल प्रोसेसरांत एव्हीएक्स२ हा सूचनासंच नसतो आणि काही नव्या आवृत्त्या त्याशिवाय उघडतही नाहीत. तिथे जुनी आवृत्ती हाच मार्ग.

पुढच्या अपडेटआधी

आजच ३० सेकंदांचा एक चाचणी प्रोजेक्ट बनवून ठेवा: तुम्ही नेहमी वापरता त्या कॅमेऱ्याच्या दोन क्लिप, एक शीर्षक, एक रंगसंस्कार, एक क्रॉस डिझॉल्व्ह. तो चालवताना सीपीयू आणि 'व्हिडिओ डीकोड'चे आकडे टिपा, एक्स्पोर्टला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून मोजा आणि प्रोजेक्टशेजारीच एका मजकूर फाइलमध्ये लिहा. आपोआप होणारं अपडेट बंद करा आणि जुनी आवृत्ती काढून टाकण्याची खूण काढा. चालू काम पोचवून झालं की अपडेट घ्या, हाच प्रोजेक्ट उघडा आणि आकडे जुळवा. एक्स्पोर्ट ४० सेकंदांवरून दीडशेवर गेला आणि डीकोडचा आलेख शून्यावर आला, तर थेट ग्राफिक्स कार्डाच्या पायरीवर जा.